वेणूनं भाजलेली लाख

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या सकाळी वेणू आली नव्हती, पण मला त्याचं विशेष काही वाटलं नाही. कापणीच्या दिवसांत गावाहून परतायला ती नेहमीच उशीर करी, आणि येताना नव्या तांदळाची थैली खांद्यावर टाकून शिक्षकखोलीत शिरे, म्हणजे मोठ्या बाईंना तिच्यावर रागावता येत नसे. प्रार्थना झाली. मॅट्रिकच्या मुली विज्ञानाच्या तासाला ताटकळत बसल्या होत्या, त्यांना निबंध तरी द्यावा म्हणून मी वर्गाकडे निघाले, तोच फाटकाशी गोरेगावच्या मोटारीचा कंडक्टर उभा दिसला. टोपी काढून हातात घेतलेली. "सरलाबाई तुमीच का?" त्यानं विचारलं. "वेणूबाई गेल्या, बाई. काल सांजच्याले. त्यायच्या भावानं सांगाले सांगतलं." आणि मी, जन्मभर मुलींना शब्दांचे अर्थ शिकवणारी बाई, त्याला विचारून बसले, "गेल्या? कुठे गेल्या?" 

कावीळ झाली होती. गावी पोचल्यावर डोळे पिवळे दिसले, घरच्यांनी झाडपाल्याचं औषध सुरू केलं, आणि गोंदियाला आणायचं ठरलं तेव्हा गाडीत बसण्याइतकंही बळ तिच्यात उरलं नव्हतं. चाळिशीसुद्धा गाठली नाही तिनं. आज हे लिहायला घेतलंय तोवर काही आठवडे उलटले आहेत. शेतातलं धान खळ्यावर आलं, खळ्यावरचं बाजारात जाऊ लागलं, शाळेत तिच्या तासाला कोणी ना कोणी जाऊन बसतं. मी तिच्याबरोबर एका खोलीत दहा-अकरा वर्षं राहिले. तिच्याबद्दल लिहायला बसले की मनात दुःखाच्या आधी चुटपुट येते. कारण जे व्हायला हवं होतं, आणि सहज होऊ शकलं असतं, ते तिच्या बाबतीत झालं नाही.

ती गोंदियाला आमच्या मुलींच्या शाळेत आली ती स्वातंत्र्यानंतर दोन-तीन पावसाळ्यांनी. गोरेगावजवळच्या खेड्यातलं धानाची शेती करणारं तिचं घर. नागपूरला मामा होते, त्यांनी हट्टानं तिला आपल्याकडे ठेवून बी.एस्सी.पर्यंत शिकवलं. इतकी शिकलेली मुलगी कोणाच्या घरात द्यायची हे पुढे कोणाला सुचेना, आणि तिनंही कोणाला सुचू दिलं नाही. उंच, सावळी, चालणं असं भराभर की बरोबरच्या माणसाला पळावं लागे. चपलेचा अंगठा सारखा तुटे आणि तो ती तांब्याच्या तारेनं बांधून घेई. पातळाला अ‍ॅसिडनं भोकं पडलेली, ती हाताला लागेल त्या रंगाच्या दोऱ्यानं रफू केलेली. मी लग्नानंतर लवकरच विधवा झालेली, माहेरच्यांना जड झालेली. तिला खोली हवी होती, मला सोबत हवी होती. अशा साध्या गरजेतून आम्ही एकत्र राहू लागलो.

पहिल्या दिवशी तिनं मोठ्या बाईंना विचारलं, "प्रयोगशाळा कुठं आहे?" बाईंनी तिला एक कपाट उघडून दाखवलं. आत चार काचनळ्या, एकाच पारड्याचा तराजू आणि उंदरांनी केलेलं घर. वेणूनं कपाट बंद केलं आणि म्हणाली, "हातोडा तरी मिळेल का?" शिपायानं कुठूनसा हातोडा आणून दिला. तिनं मुलींना व्हरांड्याच्या दगडी पायरीभोवती उभं केलं. पायरीवर एक मिठाचा खडा, तांब्याच्या तारेचा तुकडा, लाखेची चकती आणि शिसपेन्सिलीच्या आतली काळी कांडी. एकेका मुलीनं पुढं यायचं आणि घाव घालायचा. मीठ फुटून उडालं. तार चपटी झाली, पण तुटली नाही. लाखेचे तुकडे झाले. कांडीचा भुगा होऊन पायरीवर काळा गुळगुळीत ठसा उमटला. मुली हसत होत्या, शेजारच्या वर्गातल्या खिडकीतून डोकावत होत्या. आणि मग वेणूनं शांतपणे विचारलं, "मीठ काऊन फुटलं अन् तार काऊन नाही?"

त्या प्रश्नावर ती पुढचे कित्येक तास बोलत राहिली. पुस्तकात ते नव्हतंच, पण तिला त्याशिवाय चैन पडत नसे. एखादी वस्तू कडक की मऊ, वितळणारी की जळणारी, ठिसूळ की लवचिक, हे तिच्या आतले अणू एकमेकांना कसे धरून आहेत त्यावर ठरतं, हे मुलींना एकदा कळलं की त्यांना जग वेगळं दिसेल असं ती म्हणे. अडचण शब्दांची होती. कॉलेजात सगळं इंग्रजीतून शिकलेली ती, आणि समोरच्या मुली घरी कोणी पोवारी, कोणी हिंदी, कोणी आमची झाडीबोली बोलणाऱ्या. संध्याकाळी खोलीवर आली की ती मला कामाला लावी. "सरू, तू मराठीची बाई ना? मग दे मला शब्द."

मिठाचं सोपं होतं. एक अणू आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, दुसरा घेतो, आणि त्या देण्याघेण्यातून दोघांत ओढ निर्माण होते. तो झाला देण्याघेण्याचा बंध. दुसऱ्या प्रकारात दोन अणू इलेक्ट्रॉनांची एकच जोडी दोघांत मिळून वापरतात. मी म्हटलं, "वाटणीचा बंध म्हण." तिला आवडलं. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं तर मागच्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली. "पण बाई, वाटनी झाल्यावर तं भाऊ-भाऊ येगळे होतेत. हे जवळ कसे येऊन राहिले?" सगळा वर्ग हसला. सर्वांत मोठ्यानं हसली ती वेणूच. खोलीवर येऊन मला म्हणाली, "तुझा शब्द हरला." त्या रात्री जेवताना तिनंच तोड काढली. दोन शेतांच्या मधल्या धुऱ्यावर विहीर असते, पाणी दोघांचं, आणि म्हणून दोघांनाही तिथून हलता येत नाही. तो सामाईक बंध. धातूचं तिनं गावच्या तलावावरून समजावलं. तिथं प्रत्येक अणूनं आपला इलेक्ट्रॉन साऱ्या गावाच्या तलावात सोडलेला असतो, तो आता कोणा एकाचा नाही. त्यामुळे घरं इकडची तिकडे सरकली तरी पाणी सर्वांना पोचतं, गाव मोडत नाही. मिठात मात्र घाव बसून रांग जराशी सरकली की सारखे सारख्यांच्या समोर येतात, एकमेकांना ढकलतात, आणि खडा फुटतो. आमच्या भागातल्या मुलींना तलाव आणि धुरा सांगावा लागत नाही. त्या वर्षीच्या मुली आज आया झाल्या आहेत, पण रस्त्यात भेटल्या की अजून म्हणतात, "बाई, तार काऊन तुटत नाही ते ध्यानात आहे."

तिच्या घरात एकच माणूस असं होतं ज्याला ती हे सगळं सांगे. थोरल्या भावाची बायको, देवकी. दोघी एका वयाच्या. देवकी लग्न होऊन आली तेव्हा वेणू अजून फ्रॉकमध्ये होती, आणि दोघी सासर-माहेर विसरून एकत्रच वाढल्या. देवकीला अक्षरओळख नव्हती. पण वेणू सुट्टीत घरी गेली की देवकी चुलीपाशी बसवून विचारी, "यंदा काय शिकलीस मंग?" आणि वेणू तिला नागपूरचं कॉलेज चुलीपाशी आणून दाखवी.

आमच्याकडे धान भिजवून, वाफवून, वाळवून मग त्याचा उकडा तांदूळ काढतात. ते वाफवण्याचं काम बायकांचं. एका वर्षी होळीच्या सुमारास देवकी मोठ्या हंड्यातलं धान उपसत होती आणि हातातल्या लाखेच्या बांगड्या वाफेनं मऊ होऊन मनगटाला चिकटल्या. ओढून काढताना कातडीही निघाली. वेणू गावी गेली तेव्हा जखम अजून ओली होती. परत आली ती रागावलेली. कोणावर रागावली होती तिचं तिलाच ठाऊक. पिशवी कोपऱ्यात टाकून म्हणाली, "मी मुलींना सांगते, लाखेच्या रेणूच्या आत बंध पक्के, पण रेणू रेणूला नुसता टेकून उभा असतो, म्हणून ती लवकर मऊ होते. मोठ्या ऐटीत सांगते. अन् माझ्या वैनीच्या हाताची साल निघाली."

तिथून तिचा ध्यास सुरू झाला. गोंदिया तेव्हा लाखेच्या व्यापाराचं गाव. गोदामांच्या बाजूनं गेलं की तो जळकट गोडसर वास नाकात बसे. बाजारात रामकलीबाई नावाची लखेऱ्याची विधवा लाखेच्या बांगड्या करी. तिच्या भट्टीच्या एका कोपऱ्यात वेणूनं आपला लोखंडी डबा ठेवला. लाख जास्त वेळ तापत राहिली तर बिघडते, रबरासारखी होते आणि मग वितळतच नाही, हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं; तो माल ते फेकून देत. वेणूचं म्हणणं, जे बिघडणं म्हणता तेच मला हवंय. जास्त वेळाच्या उष्णतेनं रेणू-रेणूंमध्ये आडवे बंध तयार होतात, सगळं मिळून एक जाळं होतं, आणि जाळं झालं की पुन्हा मऊ होण्याचा प्रश्नच नाही. फक्त ते बांगडीच्या आकारात असतानाच व्हायला हवं. शाळा सुटली की ती तिकडे जाई. कधी बांगडी फुगे, कधी काळी पडून भुगा होई, कधी डब्यालाच चिकटे. विटेची भुकटी घाल, दगडाची घाल, आच कमी कर, वेळ वाढव... आमच्या खोलीत जिकडेतिकडे वाकड्यातिकड्या बांगड्यांचा ढीग. मी कुरकुर केली की म्हणे, "सरू, अजून थोडे दिवस."

आणि एके दिवशी तिनं स्टोव्हवर पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, त्यात एक काळसर तांबडी बांगडी सोडली आणि मला शेजारी बसवून घेतलं. पाणी खळखळत होतं. बांगडी तळाशी तशीच्या तशी. चिमट्यानं बाहेर काढून तिनं ती जमिनीवर आपटली. टणकन् वाजली, फुटली नाही. वेणूनं मला मिठी मारली; मला आठवतं, तिच्या केसांना भट्टीचा वास येत होता. दुसऱ्या दिवशी रामकलीबाईनं ती बांगडी उलटसुलट करून पाहिली. "बढ़िया है बहनजी। पर अब ये खुलेगी नहीं, काँच की तरह हाथ दबाकर पहनानी पड़ेगी।" वेणू म्हणाली, "हो ना. काचेसारखी घालायची, पण काचेसारखी फुटायची नाही." या एका गोष्टीचा तिला भारी अभिमान होता. गावी जाऊन तिनं साबणाच्या पाण्यानं हात ओला करून देवकीला ती जोडी स्वतः भरली. देवकी त्या हातांनी धान उपसू लागली आणि पाहायला शेजारपाजारच्या बायका जमल्या.

पुढच्या हिवाळ्यात रांचीकडच्या एका संशोधन संस्थेतले साहेब गोदामांची पाहणी करायला आले होते. कोणीतरी त्यांना या बांगड्या करणाऱ्या बाईबद्दल सांगितलं. ते शाळेत आले, शिक्षकखोलीतल्या मोडक्या खुर्चीवर बसले आणि बांगडी बराच वेळ नखानं खरवडत राहिले. मग भिंतीवरच्या विजेच्या काळ्या बटणाकडे बोट दाखवून हिंदीत म्हणाले, की हे बटण ज्या पदार्थाचं आहे त्यातही असंच चहूबाजूंनी जाळं असतं, आणि ते परदेशातून येतं. आपल्या जंगलातल्या लाखेपासून तसं काही करता आलं तर किती कामाला येईल. ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी लाख घेणारे आता दुसऱ्या मालाकडे वळताहेत, लाखेला नवं काम शोधायला हवं. "आप हमारे यहाँ आ जाइए," ते म्हणाले. "यहाँ डिब्बे में क्या होगा? वहाँ लेबोरेटरी है।" जूनपासून यायचं असं ठरलं. ते गेल्यावर वेणू व्हरांड्यात गेली आणि पाठमोरी उभी राहिली. मी जवळ गेले तर डोळे पुसत होती. रडणाऱ्या माणसांचा तिला फार कंटाळा होता, म्हणून मी काही न पाहिल्यासारखं केलं.

ते चार महिने मी तिला जितकी आनंदी पाहिली तितकी पुढे कधी पाहिली नाही. प्रार्थनेत ती सर्वांत मोठ्यानं आणि सर्वांत बेसूर गाई. त्या दिवसांत तर मोठ्या बाई डोळे मिटून सहन करीत. देवकीला दिवस गेले होते, बऱ्याच वर्षांनी, तोही आनंद होता. बाळंतपण आटोपलं की बारसं करून मी रांचीला जाईन, असं वेणूचं ठरलेलं.

वैशाखात देवकीच्या अंगावर सूज आली. पाय आधी, मग चेहरा, मग हात. बांगड्या मनगटात रुतू लागल्या. सासूनं, म्हणजे वेणूच्या आईनं, नेहमीप्रमाणे गरम पाण्याचा फडका गुंडाळला. लाखेची बांगडी अशीच काढतात. ती मऊ करून उघडायची, फोडायची नाही, सवाष्णीची बांगडी फुटणं अशुभ. पण ही मऊ होईना. आणखी गरम फडका, आणखी गरम... कातडी लाल झाली, बांगडी तशीच. निरोप मिळाल्यावर वेणू शाळा आटपून दुपारच्या मोटारीनं पोचली तेव्हा देवकीची बोटं निळी पडली होती. आता ती फोडण्याशिवाय मार्ग नाही हे कोणी तोंडानं म्हणत नव्हतं. वेणूनं स्वतःच अडकित्ता घेतला. काचेसारखी एका दाबात फुटणारी ती बांगडी नव्हतीच. तिनंच तशी केली होती. दोन्ही बांगड्या तुटेपर्यंत देवकीचं मनगट कापलं, रक्त आलं. दुसऱ्या दिवशी देवकी बाळंत झाली आणि मूल मेलेलं निघालं.

आईनं सगळ्यांसमोर म्हटलं, "बांगडी फुटली अन् लेकरू गेलं. तुझ्या शिकन्यानं नेलं ते."  गोंदियाला आल्यावर वेणू डॉक्टरांकडे जाऊन आली. त्यांनी सांगितलं, ती सूज म्हणजेच दुखणं होतं, तशा दुखण्यात मूल पोटातच दगावतं, बांगडीचा काही संबंध नाही. मी म्हटलं, "मग झालं तर. घरी सांग." ती म्हणाली, "डॉक्टरांनी मला सांगितलं. मायला कोण सांगेल? अन् वैनीला?" मग जणू वर्गात बोलतेय अशा आवाजात म्हणाली, "मऊ न होणं हाच गुण मी मागितला होता. मिळाला. तो चुलीपुरता असेल अन् हात सुजल्यावर नसेल, असं कसं होईल?"

ती रांचीला गेली नाही. साहेबांना नकार कळवला, कारण लिहिलं नाही. डबा रामकलीबाईकडेच राहिला, पुढे तिनं तो भंगारात दिला असावा. मी समजावलं, मोठ्या बाईंनी समजावलं. "पुढच्या वर्षी बघू," एवढंच ती म्हणे. पुढच्या वर्षी तिकडची जागा भरली गेली. शिकवणं तिनं सोडलं नाही. दरवर्षी पायरीवर हातोडा वाजे, मीठ फुटे, तार चपटी होई. पण त्यात लाखेची चकती नसे. नव्या मुलींना ठाऊकच नव्हतं की तिथं कधी लाखही असे. गावी ती जाई. बाहेरच्या पडवीत वडिलांपाशी बसे आणि तिथूनच परत येई. दोन वर्षांनी देवकीला मुलगी झाली, चांगली धडधाकट. वेणू तिच्यासाठी झबली शिवून घेऊन गेली, पण मुलीला तिनं मांडीवर घेतलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "माझ्या हाताची कशाला भीती घालू तिला?" मी म्हटलं, एकदा देवकीशी बोल ना. ती म्हणे, "कोणत्या तोंडानं?" यंदा मे महिन्यात महाराष्ट्र झाला, शाळेत मिठाई वाटली, तेव्हा ती जरा मोकळी होती. स्वतःहून म्हणाली, "सरू, दिवाळीला गेले की वैनीपाशी बसणार आहे. फार वर्षं झाली." आणि दिवाळीला ती गेली, तर पोचताच डोळे पिवळे दिसले.

मी दहाव्यानंतर त्यांच्या गावी गेले. आईनं मला पाहिलं आणि आत निघून गेली. ती आता फार थकली आहे. देवकीनं मला चुलीपाशीच पाट दिला. तिला मी पहिल्यांदाच जवळून पाहत होते. बोलता बोलता मी म्हटलं, "तिनं तुमच्याबद्दल फार मनाला लावून घेतलं होतं." देवकी चुलीत सारायला लाकूड उचलत होती.

"कायले?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. जेवढं मला माहीत होतं तेवढं. देवकीच्या हातातलं लाकूड तसंच राहिलं. "मले वाटे, ते माझ्यावर नाराज आहे," ती म्हणाली. "एवढे दिस राबून तिनं माझ्यासाठी बांगड्या केल्या, अन् माझ्यापायी तिलेच आपल्या हातानं तोडा लागल्या. मंग ते माझ्यापाशी बसेच ना. पोरगी झाली, तं पोरीले हात नाई लावला. मी म्हनलं, वेणूबाईचं मन उठलं माझ्यावरून. मी कशी इचारू तिले? ते शिकेल सवरेल..."  मी पाण्याचा गडवा पुढं केला.

पाणी पिऊन तिनं शेवटच्या दिवसांचं सांगितलं. वेणूला अन्न जात नव्हतं, देवकीच तिच्या उशाशी बसे. "एका दुपारी तिनं माझा हात धरला. म्हने, वैनी, मनगट दुखते का तुझं अजून? मी म्हनलं, नाई. कवाच नाई दुखलं. मंग उलीसी हासली. अन् म्हने, पोरीले आन. मी पोरीले तिच्या बाजूले बसवलं. पोरगी तिले घाबरत होती, पिवळी पडली होती ना ते. पन बसली." देवकीनं लाकूड चुलीत सारलं. "तुमी म्हनता तसं काई तिनं सांगतलंच नाई मले. मले वाटलं, आजारात इचारून राहिली आहे. समजलं असतं तं मी बोलली असती ना, बाई. माझ्याजवळ बोलाले लय होतं."

परतीच्या मोटारीत मी दोन्ही बाजूंची शेतं बघत होते, पण दिसत काही नव्हतं. मुलींना आयुष्यभर तिनं हेच शिकवलं की कशानं काय धरून ठेवलंय ते आधी विचारा, तपासून बघा, मग बोला. स्वतःच्या घरात मात्र तिनं न विचारताच उत्तर धरून ठेवलं. देवकीनंही तसंच केलं. रांची हुकली त्याची हळहळ आहेच. आपल्याकडच्या लाखेतून ती काय काय करू शकली असती, कोणास ठाऊक. पण आता मला त्याहून जास्त त्या चुलीपाशी रिकाम्या गेलेल्या वर्षांचं वाईट वाटतं.

खोलीत तिचं सामान मी अजून आवरलेलं नाही. तिचा भाऊ म्हणाला होता, न्यायला येतो, पण मळणी चालू आहे. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी तिनं खिडकीत एक काचेची बरणी ठेवली होती. तिच्यात तुरटीचं दाट पाणी, आणि बरणीच्या तोंडावर आडवी काडी टाकून तिला बांधलेला दोरा, टोकाला तुरटीचा बारीकसा कण. सुट्टीनंतर मॅट्रिकच्या मुलींना स्फटिक कसा वाढतो ते दाखवायचं होतं. मला एवढंच बजावलं होतं, "हलवू नकोस, सरू. त्याला निवांत लागतं." ती गावी निघाली तेव्हा तो कण तांदळाच्या दाण्याएवढाही नव्हता. गावाहून परत आले त्या दिवशी पाहिलं तर बोराएवढा झाला होता. स्वच्छ, सरळ कडांचा, सकाळचं ऊन आलं की आरपार. ती आजारी असताना, ती गेली तेव्हा, आम्ही तिथं चुलीपाशी बसलो होतो तेव्हाही, तो वाढतच होता.

मुली रोज विचारतात, "बाई, आणू का आता वर्गात?" मी म्हणते, थांबा. बरणीतलं पाणी रोज थोडं कमी होतंय, स्फटिकाचा वरचा भाग आता उघडा पडू लागलाय. त्यात पाणी घालायचं असतं का? घातलं तर तो वाढेल, की विरघळून जाईल? की आता बाहेर काढायची वेळ झाली? तांब्या भरून मी खिडकीपाशी जाते, उभी राहते, आणि तसाच परत आणून ठेवते. सवयीनं अजून वळून तिच्या खाटेकडे बघते... विचारायला.